त्रुफाल्दिनो आजच्या काळात आणताना त्याची भूक कुठे जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गटाने अठराव्या शतकातल्या इटालियन नाटककार कार्लो गोल्दोनीचं 'दोन मालकांचा नोकर' निवडलं, व्हेनिसची मुंबई केली, आणि त्यातल्या नोकराला, त्रुफाल्दिनोला, दोन फूड डिलिव्हरी अॅपांसाठी एकाच वेळी बाइक पळवणारा मुलगा केलं. संहितेचं वाचन झालं तेव्हा सगळे खूश होते. तालीम उभी राहिली आणि हशा गेला. काम करणारा मुलगा चपळ आहे, टायमिंग चांगलं आहे, तरी पात्र पोचत नाही. मग मुखवटा घालून बघावा का, असं विचारलं आहे.

मुखवट्याचं नंतर बोलू. आधी एक सांगा, तुमच्या संहितेत हा मुलगा शेवटचा कधी जेवला?

हे विचारायला कारण आहे. तुम्ही पाठवलेल्या दोन प्रवेशांत त्याच्या पाठीवर सतत दुसऱ्यांचं जेवण आहे, पण त्याला त्याचा वास येतोय असं एकाही ओळीत दिसत नाही. तो रेटिंगबद्दल बोलतो, ट्रॅफिकबद्दल बोलतो, गर्लफ्रेंडबद्दल तर फारच बोलतो. पोटाबद्दल काही नाही. मूळ नाटकात पहिली मालक बेआत्रीचे, मेलेल्या भावाच्या वेशात पुरुष म्हणून वावरणारी; दुसरा फ्लोरिंदो, तिचाच प्रियकर. गोल्दोनीचा त्रुफाल्दिनो बेआत्रीचेची नोकरी असताना फ्लोरिंदोची दुसरी नोकरी का धरतो? कारण जेवणाची वेळ टळून गेलीय आणि पहिल्या मालकाला त्याची आठवण नाही. रस्त्यात उभं राहून, पोटात कावळे ओरडत असताना तो हा निर्णय घेतो. दोन पगार, दोन जेवणं. एवढं गणित. पुढे जो गोंधळ होतो त्याची किल्ली या उपाशी मिनिटात आहे, आणि रूपांतर करताना पहिल्यांदा कात्री लागते ती नेमकी यालाच, कारण कागदावर तिथे 'काही घडत नाही'.

हा माणूस मुळात कोण, ते थोडं सांगतो. कमेदिया देल्लार्ते म्हणजे ठरलेली पात्रं, मुखवटे आणि जागच्या जागी जुळवलेले संवाद असलेली इटलीतली जुनी विनोदी नाट्यपरंपरा. तिच्या मंडळींमध्ये नोकरांची पात्रं असत, त्यांतला हा एक. आर्लेक्किनो म्हणा, त्रुफाल्दिनो म्हणा, घराणं एकच. गाव बेर्गामो, म्हणजे उत्तर इटलीतला डोंगराळ भाग. तिथले गरीब लोक हमाली करायला व्हेनिससारख्या श्रीमंत बंदरात उतरत. म्हणजे रंगमंचावर येणारा हा नोकर व्हेनिसच्या प्रेक्षकाला ओळखीचा होता: बाहेरून आलेला, बोली वेगळी, अंगात ताकद, खिशात दमडी नाही. त्याच्या अंगावरचे रंगीत चौकटीचे कपडे आज शोभेचे वाटतात, पण मुळात ती ठिगळं आहेत.

गोल्दोनी 1745 च्या सुमारास पिसा शहरात वकिली करत होता. नाटकं बाजूला ठेवली होती. तेव्हा आंतोनियो साक्की या नटाने त्याच्याकडून हा विषय लिहून मागितला. साक्की रंगमंचावर त्रुफाल्दिनोच करायचा आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गोल्दोनीने त्याला मोजके प्रवेश लिहून दिले, बाकीचा नुसता आराखडा. उरलेलं साक्कीने रंगमंचावर उभं राहून भरलं. पुढे इतर नट हेच करायला लागले, तेव्हा काय काय भरलं जातं ते गोल्दोनीने पाहिलं आणि 1753 च्या छापील आवृत्तीसाठी सगळं नाटक शब्दन्‌शब्द लिहून काढलं. प्रस्तावनेत त्याने नटांना विनंती केली आहे की घाणेरडे शब्द आणि ओंगळ चाळे यांपासून कृपा करून लांब राहा. (ही विनंती आपल्याकडच्या काही प्रयोगांच्या नोटिस बोर्डावर लावायला हरकत नाही.)

त्याच प्रस्तावनेत तुमच्या कामाची गोष्ट आहे. त्रुफाल्दिनो एकाच वेळी मूर्खही आहे आणि हुशारही, असं गोल्दोनी सांगतो. विचार न करता जे करतो त्यात मूर्ख, आणि जिथे स्वतःचा फायदा किंवा लबाडी असेल तिथे भलताच तल्लख. तुमच्या नटाला नेमकं हेच जमत नाहीय. तो सरसकट बावळट करतोय, सगळीकडे सारखाच. बावळट माणूस दोन नोकऱ्या दहा मिनिटंही टिकवू शकणार नाही. त्याला दोन वेगळे मेंदू हवेत: एक फुकट गेलेला, आणि एक पोटाला जोडलेला.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे पत्राचा प्रसंग. दोन्ही मालकांनी त्याला टपाल आणायला पाठवलंय. पत्रं आली तीन. वाचता येत नाही. कुणाचं कुठलं ते कळायला मार्ग नाही. बेआत्रीचेचं पत्र फ्लोरिंदोच्या हातात पडतं आणि तो ते फोडतो. आता फोडलेलं पत्र पहिल्या मालकाला द्यायचं कसं? त्रुफाल्दिनोला आठवतं, आजी चावलेल्या पावाने पत्रं चिकटवायची. खिशात पावाचा तुकडा आहे. जीव तुटतो, पण इलाज नाही. तो तुकडा तोंडात घालून चावतो, आणि गिळून टाकतो. पुन्हा एक तुकडा. पुन्हा गिळतो. शेवटी कसाबसा जिभेवरचा लगदा बाहेर येतो आणि पत्र चिकटतं.

हा प्रसंग तालमीत कसा बसतो ते सांगतो, कारण इथे बारकावा आहे. एका कार्यशाळेत एक चांगला नट हे करत होता. गिळल्यावर डोळे मोठे करायचा, कपाळावर हात मारायचा, प्रेक्षकांकडे बघायचा. कोणी हसलं नाही. त्याला दोनच सूचना दिल्या. पहिली, खरा पाव घे, लादीतला, कालचा. दुसरी, चावताना नजर दारावर ठेव, मालक कधीही येईल. झालं. जबडा आपलं काम करत राहिला आणि डोळे आपलं. घास गिळला गेल्याचं त्याला आपल्यानंतर कळलं. पाकीट वर उचललं, तोंडाशी नेलं, आणि हात तिथेच थांबला, कारण तोंडात लावायला काही उरलंच नव्हतं. तिथे पहिला हशा आला. दुसऱ्या वेळी तो सावध होता, ओठ घट्ट मिटून, मान ताठ करून चावत होता, आणि गळ्याची घाटी हळूच वर जाऊन खाली आली. बस. चेहऱ्यावर काहीच केलं नाही त्याने. खोलीतले सगळे कोसळले.

इथे शरीर मालकाचा हुकूम मोडतंय. माणूस इमानदार आहे, घसा नाही. नटाने 'भुकेलेला' अभिनय करायचाच नाही. पत्र चिकटवायचा प्रयत्न प्रामाणिकपणे करायचा आणि भुकेला मध्ये येऊ द्यायचं. (नटाला खरोखर उपाशी ठेवण्याचे प्रयोग काही उत्साही दिग्दर्शक करतात. करू नका. चक्कर येते आणि काम खालावतं.)

आता हे पात्र नव्या काळात ज्यांनी नेलं त्यांच्याकडे वळू. दोन प्रयोगांवर रेंगाळणार आहे, बाकीचे सोडतो. दिग्दर्शक माक्स राइनहार्टने 1924 मध्ये व्हिएन्नाचं योझेफश्टाट थिएटर याच नाटकाने नव्याने सुरू केलं. सोव्हिएत काळात 1976 मध्ये लेनिनग्राडच्या स्टुडिओने त्याचा संगीत चित्रपट केला, त्यात कोन्स्तांतिन राइकिन त्रुफाल्दिनो होता आणि फार लोकप्रिय झाला. पण तुमच्या अडचणीवर औषध मिलान आणि लंडनमध्ये आहे.

मिलानमध्ये 1947 साली जॉर्जो स्ट्रेहलर आणि पाओलो ग्रास्सी यांनी पिक्कोलो तेआत्रो सुरू केलं. ज्या इमारतीत ते उभं राहिलं तिथे युद्धाच्या शेवटी फॅसिस्ट तुकडीचा तळ होता आणि माणसांचे हाल केले जात. पहिल्याच हंगामाच्या शेवटी, 24 जुलै 1947 ला, स्ट्रेहलरने हे नाटक उभं केलं. नाव बदललं: त्रुफाल्दिनोचा आर्लेक्किनो केला, कारण ते नाव जगाला ठाऊक होतं. समोर बसलेला प्रेक्षक बॉम्ब आणि रेशन यांतून नुकताच बाहेर आलेला. त्याला पावाच्या तुकड्याचं मोल समजावून सांगायची गरज नव्हती. या प्रयोगाची रूपं स्ट्रेहलर आयुष्यभर बदलत राहिला. पुढच्या एका रूपात त्याने रंगमंचावर आणखी एक छोटा लाकडी मंच ठेवला आणि ज्यांचा प्रवेश नाही ते नट बाजूला प्रेक्षकांना दिसतील असे बसवले. म्हणजे नाटक आणि ते करणारी फिरती मंडळी, दोन्ही एकदम दिसतात. तुमच्यासारख्या छोट्या गटाला ही युक्ती फुकटात मिळण्यासारखी आहे: विंगा नकोत, पडदा नको, आणि 'हे सगळे पोटासाठी नाटक करणारे लोक आहेत' हे न बोलता कळतं.

पहिला आर्लेक्किनो मार्चेल्लो मोरेत्ती. त्याला मुखवटा नको होता. चेहरा झाकला तर नटाचं उरतं काय, ही भीती सगळ्यांनाच असते. सुरुवातीला त्याने चेहऱ्यावर काळा रंगच फासला. मग पादुआचा शिल्पकार आम्लेतो सार्तोरी याने चामड्याचे मुखवटे बनवण्याची विसरलेली पद्धत पुन्हा शोधून काढली आणि त्याच्यासाठी मुखवटे केले. मोरेत्ती 1961 मध्ये गेला. त्याच्या जागी आलेला फेरुच्चो सोलेरी 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या दौऱ्यात पहिल्यांदा बदली म्हणून उभा राहिला आणि 2018 पर्यंत हीच भूमिका करत होता. 2010 मध्ये गिनेस बुकने त्याची नोंद घेतली. नाटक संपल्यावर तो मुखवटा उतरवायचा, तेव्हा मघापासून कोलांट्या मारणाऱ्या पोराच्या जागी ऐंशी ओलांडलेला म्हातारा दिसायचा आणि थिएटरमध्ये एक वेगळीच कुजबूज उठायची.

आता तुमचा मुखवट्याचा प्रश्न. घालू नका. निदान या प्रयोगात तरी नको. मुखवट्याने चेहरा झाकला की सगळी वाक्यं मान, पाठ, गुडघे आणि पावलं यांनी बोलावी लागतात. त्याला महिनोन्‌महिन्यांची तयारी लागते. तुमच्या मुलाच्या शरीरात अजून भूक आलेली नाही, मुखवटा घातला तर ती कमी आणखी उघडी पडेल. पण तालमीत जरूर वापरा. साधा, चेहरा झाकणारा कसलाही तुकडा बांधा, अगदी गमछा चालेल, आणि पत्राचा प्रसंग करायला लावा. काय कमी आहे ते पाच मिनिटांत कळेल.

मिलानच्या प्रयोगातली माशीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. उपाशी आर्लेक्किनो घोंघावणारी माशी पकडतो, पंख उपटतो आणि खाऊन टाकतो. तिचं अनुकरण करणारे बहुतेक जण माशी छान पकडतात. पकडणं सोपं आहे. अवघड आहे ते त्यानंतरचं: इवल्याशा माशीकडे जेवणाच्या ताटाकडे बघावं तसं बघणं.

आता लंडन. मे 2011 मध्ये नॅशनल थिएटरच्या लिटलटन रंगमंचावर रिचर्ड बीनने केलेलं रूपांतर आलं, दिग्दर्शक निकोलस हायटनर, शारीरिक विनोदाची बाजू कॅल मॅक्रिस्टलने सांभाळली. नाव 'वन मॅन, टू गव्हनर्स' (गव्हनर म्हणजे तिथल्या बोलीत मालक). व्हेनिसच्या जागी 1963 मधलं ब्रायटन, समुद्रकाठचं गाव. त्रुफाल्दिनो झाला फ्रान्सिस हेन्शल, स्किफल बँडमधून हाकललेला जाडजूड तरुण. बेआत्रीचे झाली रेचल, मेलेल्या जुळ्या भावाच्या वेशात वावरणारी. तो भाऊ गुंड होता. फ्लोरिंदो झाला स्टॅन्ली, उच्चभ्रू शाळेत शिकलेला आणि डोक्याने जरा कच्चा. हेन्शल केला जेम्स कॉर्डनने. नाटक ब्रॉडवेला गेलं आणि 2012 मध्ये कॉर्डनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा टोनी पुरस्कार मिळाला. एप्रिल 2020 मध्ये, सगळं बंद असताना, नॅशनल थिएटरने त्याचं चित्रीकरण यूट्यूबवर मोफत दाखवलं, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल.

बीनने काय केलं ते नीट बघा. पहिली गोष्ट, काळ. त्याने 2011 घेतलं नाही. मोबाइल नसलेला काळ घेतला, लपून राहता येईल असं गाव घेतलं, आणि दोन्ही मालकांना खरोखर लपण्याचं कारण दिलं. दुसरी, शरीर. आर्लेक्किनो परंपरेने सडपातळ, हलका. कॉर्डन चांगलाच भरलेला. तरी भूक पटते, कारण ती ढेरीवर अवलंबून ठेवलेली नाही. तो येतो तोच खाण्याच्या शोधात. हवेत उडवलेला शेंगदाणा तोंडात झेलायच्या नादात आरामखुर्चीवरून मागच्या मागे कोसळतो. प्रेक्षकांकडे सँडविच आहे का विचारतो. दोन मालकांना वाढण्याच्या प्रसंगात बीनने थरथरणारा, ऐंशी पार केलेला वेटर घातला, आल्फी, जो जिन्यावरून पडतो, दाराचे तडाखे खातो आणि तरी सूपचं भांडं घेऊन परत येतो. पहिल्या रांगेतून एका बाईला वर ओढतात आणि शेवटी ती आग विझवायच्या फेसात न्हाऊन निघते. ती बाई नटीच आहे, पण मध्यंतरात निम्मं थिएटर तिची काळजी करत असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मध्यंतरापर्यंत हेन्शल जेवतो. पोट भरलं. मग दुसऱ्या अंकात तो प्रेक्षकांसमोर येऊन साधारण असं म्हणतो: मी तर खाल्लं, आता पुढे मी धावायचं कशासाठी? आणि मग डॉली नावाच्या हिशेबनीस बाईकडे बघतो. हा नुसता विनोद नाही. नाटकाच्या रचनेतला एक जुना प्रश्न लेखकाने उघडपणे टेबलावर ठेवला आहे. गोल्दोनीच्याही नाटकात हाच सांधा आहे. जेवण झाल्यावर त्रुफाल्दिनोला दुसरं काहीतरी हवं व्हावं लागतं, आणि ती असते मोलकरीण स्मेराल्दिना. तुमच्या संहितेत प्रेम पहिल्या पानापासून आहे. त्यामुळे दुसऱ्या अंकाला इंधनच शिल्लक राहिलेलं नाही.

आपल्याकडे हे पात्र आणताना आणखी एक घसरण होते, ती आपल्या परंपरेतून येते. आपल्या डोक्यात खादाड विनोदी माणूस म्हणजे विदूषक. 'शाकुंतला'त दुष्यंत माधव्याला म्हणतो, एका सोप्या कामात तुझी मदत हवी; हा लगेच विचारतो, मोदक खाण्याच्या का? फार गोड जागा आहे. पण ही राजाच्या मित्राची हाव आहे. मोदक आज नाही मिळाले तर उद्या मिळतील, हे त्याला ठाऊक आहे. त्रुफाल्दिनोला उद्याची खात्री नाही. तुमचा नट, मला शंका आहे, माधव्य करतोय.

दुसरी घसरण फार्सची. बबन प्रभूंपासून आपल्याकडे फार्स रुजला आणि उत्तम रुजला. पण आपल्या मध्यमवर्गीय फार्समधला नायक बहुतेक वेळा खोटं बोलतो ते अब्रू वाचवायला: सासरे येणार आहेत, घरमालक येणार आहे, बायकोला कळेल. त्रुफाल्दिनोला अब्रू नाही. तो खोटं बोलतो ते दोन ताटं वाचवायला. म्हणून त्याच्या थापा फार्सच्या नायकासारख्या घामाघूम होऊन येत नाहीत, सहज सुटतात. दुसऱ्या नोकराचं नाव विचारलं की तो 'पास्क्वाले' नावाचा माणूस जागच्या जागी जन्माला घालतो आणि मग नाटकभर सगळं बिल त्या पास्क्वालेच्या नावावर फाडतो. थाप मारताना तुमच्या नटाने घाबरायचं नाही. मार पडायच्या वेळी घाबरायचं.

मार पडतोही. गोल्दोनीत पहिला मालक त्याला बडवतो. दुसरा ते खिडकीतून बघतो, माझ्या नोकराला कोण मारतंय म्हणून खाली येतो, आणि मार निमूट खाल्लास म्हणून तोही बडवतो. त्यावर त्रुफाल्दिनो म्हणतो, आता मी खरा दोन मालकांचा नोकर, दोघांकडून पगार मिळाला. हा शेरा ठेवा. कुठल्याही काळात नेला तरी जुना होत नाही.

आता तुमच्या डिलिव्हरी बॉयकडे. कल्पना आकर्षक आहे, पण तिच्यात मूळ यंत्र बसत नाही. दोन अॅपांवर काम करणं हे लपवायचं कारण त्याच्याकडे नाही. रस्त्यावर बघा, एका कंपनीचा टीशर्ट घालून दुसरीची बॅग घेऊन मुलं फिरतात. आणि अॅप हा मालक चेहरा नसलेला. तो खिडकीतून बघत नाही, खाली उतरून मारत नाही, त्याच खानावळीत शेजारच्या खोलीत जेवायला बसत नाही. याउलट आयटीतला मुलगा घेतला, दोन कंपन्यांत चोरून नोकरी करणारा, तर लपवायला कारण आहे पण भूक नाही. पात्राला दोन्ही लागतं: खरी भूक आणि पकडलं जाण्याची खरी धास्ती. यातलं एक नसेल तर चपळाई नुसती कसरत होते, आणि तुमच्या तालमीत तेच चाललंय.

आजच हवं असेल तर एक सुचवतो. निवडणूक. एका गल्लीत दोन उमेदवारांची कार्यालयं, आणि रोजंदारी अधिक बिर्याणी यासाठी दोन्हीकडे नाव लावलेला माणूस. पकडला गेला तर दोन्ही बाजूंनी फोडतील. नाटकातला म्हातारा व्यापारी पांतालोने 'हे तुझ्या मालकाला दे' म्हणून पैशांची थैली देतो आणि त्रुफाल्दिनोला कुठल्या मालकाला हेच कळत नाही, तो प्रसंग तर पाकिटाच्या रूपात जसाच्या तसा येतो. बेआत्रीचे आणि फ्लोरिंदो यांचं प्रेमप्रकरण यात कसं बसवायचं त्यावर मात्र डोकं खाजवावं लागेल.

मला स्वतःला मागचा काळ जास्त आवडेल. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईला आलेला माणूस. गावाकडे दुष्काळी कामावर सुकडी खाल्लेली, इथे गिरणगावातल्या खानावळींचा वास नाकात शिरतो. हॉटेल नाही, लॉजिंग-बोर्डिंग. फोन खाली गल्ल्यावर एकच. टपाल येतं, तार येते. वाचता न येणं यात अजिबात ओढूनताणून वाटत नाही. अब्रूचा पत्ता नाही, भूक अस्सल. फक्त दुष्काळाची फिल्म दाखवू नका, करुण संगीत वाजवू नका. त्या माणसाने एकदाही 'मी उपाशी आहे' म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं नाही. प्रेक्षकातल्या ज्या म्हाताऱ्यांनी मिलो ज्वारीची भाकरी खाल्लीय ते बरोबर ओळखतील.

वाढण्याच्या प्रसंगाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण तिथे सगळे घोळ घालतात. त्या प्रसंगात त्रुफाल्दिनो यशस्वी होतो. हे लक्षात घ्या. तो दोन खोल्यांत दोन मालकांना वाढतो, मधल्या मध्ये स्वतः चाखतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्याआधी ताटं कशी मांडायची हे दाखवायच्या भरात त्याने मालकिणीची चार हजारांची हुंडी टराटरा फाडून टेबलावर मांडलीय, आणि फाडताना त्याला त्या कागदाची किंमत माहीत नाही. तिथे तो मूर्ख. वाढताना मात्र तो कारागीर आहे. तुमचा मुलगा वाढताना ताटं पाडतो, घसरतो, धडपडतो. नको. प्रेक्षकाला 'जमतंय रे याला!' असं वाटलं पाहिजे. त्यासाठी रंगमंचाचा नकाशा पक्का हवा: डावीकडे एक मालक, उजवीकडे दुसरा, मधून स्वयंपाकघर, आणि हे एकदा ठरलं की हलवायचं नाही. प्रत्येक पदार्थ कुठे चाललाय हे शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या आधी कळलं पाहिजे. सुरुवातीला हळू बसवा, अगदी पाण्याखाली चालल्यासारखं, ताट कुठल्या हातात, कुठल्या पावलावर वळायचं, सगळं ठरवून. वेग शेवटच्या आठवड्यात. बीनच्या आल्फीसारखं पात्र घालायचा मोह होईल. तो घाला, पण मग पडायचं काम त्याचं, तुमच्या नोकराचं नाही. तो फरक लंडनवाल्यांनी बरोबर सांभाळला होता.

आणि स्मेराल्दिना कापू नका. तुमच्या संहितेत ती तीन वाक्यांपुरती उरलीय, हसून लाजते आणि जाते. गोल्दोनीने तिला एक जबरदस्त भाषण दिलंय: बायका बेइमान म्हणून सगळीकडे बोभाटा होतो आणि पुरुष मोकळे सुटतात, कारण कायदे पुरुषांनी केले, बायकांनी केले असते तर उलटं झालं असतं, माझी सत्ता असती तर प्रत्येक बेइमान पुरुषाच्या हातात झाडाची फांदी दिली असती, आणि मग शहरांची जंगलं झाली असती. अठराव्या शतकातल्या मोलकरणीच्या तोंडी हे आहे. बीनने डॉलीला तिच्या काळातलं भाषण दिलं: एक दिवस बाई पंतप्रधान होईल, मग बघा कसा दयाळू कारभार येतो. पुढे आल्या त्या कठोर मार्गारेट थॅचर, आणि ते ठाऊक असलेला लंडनचा प्रेक्षक त्यावर अर्थातच खो खो हसायचा.

तिला वजन दिलंत तरच शेवट उभा राहील. गोल्दोनीच्या शेवटी त्रुफाल्दिनोला कोणी पकडत नाही. दोन प्रेमी भेटतात, समेट होतो, सगळं मिटतं, दोन मालकांची भानगड कोणाच्या लक्षातही आलेली नसते. पण स्मेराल्दिनासाठी एकीकडून फ्लोरिंदोच्या नोकराचं स्थळ येतं आणि दुसरीकडून बेआत्रीचेच्या नोकराचं. ते दोघे नोकर एकच, हे फक्त त्यालाच माहीत. गप्प बसला तर नोकऱ्या राहतात, मुलगी जाते. तेव्हा तो स्वतः पुढे येऊन सांगतो. तुमच्या संहितेत सीसीटीव्ही फुटेजमधून तो पकडला जातो. ते काढून टाका, आणि सांगण्याआधी त्याला जितका वेळ हवा तितका उभा राहू द्या.